लॅपटॉपच्या पोटावरची चिठ्ठी

रविवार, १८ मे २०२५. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. रक्कम दोनशे पन्नास रुपये. शेजारच्या अक्कांच्या वाय-फायचं महिन्याचं बिल पाचशे, त्यातला आमचा निम्मा वाटा. हजर तिघं: मी, माझी पत्नी आणि स्वतः अक्का. जागा जळगावात, पिंप्राळ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली.

पत्नीचा बी.ए.चा शेवटचा पेपर अकरा वाजता होता. अभ्यासक्रम दूरशिक्षणाचा, पेपर घरूनच, लॅपटॉपसमोर बसून कॅमेरा चालू ठेवून द्यायचा. मोबाइलवर चालत नव्हता. साडेअकरापर्यंत आत शिरायचं, मग दार बंद. संपायची वेळ एक, उशिरा शिरलेल्यालाही एकच. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आठ वर्षांत पुरा करायची मुदत होती आणि हे आठवं वर्ष होतं. पेपर हुकला तर नोंदणी संपली, आधी पास झालेले सगळे पेपर पाण्यात. ती चौदा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पदवी हाती आली तर पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि त्या अर्जाच्या वयोमर्यादेत तिचं एकच वर्ष उरलं होतं.

शनिवारी संध्याकाळी गटारीसाठी खोदणाऱ्या जेसीबीनं गल्लीतली केबल तोडली. अक्कांचं वाय-फाय गेलं, म्हणजे आमचंही गेलं. केबलवाला म्हणाला, सोमवारी बघतो. मी पत्नीला म्हटलं, काळजी करू नकोस, माझ्या मोबाइलवर हॉटस्पॉट आहे, रोजचा दीड जीबी डेटा आहे, पेपरला जास्तीत जास्त एक जीबी लागेल. हा हिशेब मी कागदावर करून दाखवला.

ती म्हणाली, "आज एकदा जोडून बघू या का?"

मी म्हटलं, "कशाला उगाच डेटा घालवायचा."

हे वाक्य मी बोललो, ते मला इथं लिहिलंच पाहिजे.

रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी मी हॉटस्पॉट चालू केला. लॅपटॉपला तो लगेच दिसला. पासवर्ड टाकला. जोडला गेला. आणि नावाच्या खाली बारीक अक्षरांत आलं: नो इंटरनेट.

मी हॉटस्पॉट बंद केला, चालू केला. तेच. मोबाइल बंद करून चालू केला. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तो जुना, त्याला उठायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. पडदा उजळला आणि पुन्हा तेच.

मोबाइलवर मात्र नेट पळत होतं. मी बातम्या उघडून बघितल्या, जळगावचं तापमान उघडून बघितलं, त्रेचाळीस होतं. एकाच हातातल्या मोबाइलमध्ये नेट आहे आणि वीतभर अंतरावरच्या लॅपटॉपात नाही, हे मला काही केल्या पटेना.

पत्नी तयार होऊन बसली होती. गळ्यात ओळखपत्र, समोर हॉल तिकीट, पारदर्शक बाटलीत पाणी. नियमात लिहिलं होतं म्हणून तिनं बाटलीवरचा कागदही काढून टाकला होता.

अक्का दारातल्या खुर्चीवर. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, "भाऊ, काल जोडून बघितलं होतं ना?"

पत्नी म्हणाली, "डेटा वाचवत होते."

"रोजचाच ना तो? रात्री बाराला संपतो ना? मग कालचा वाचवून आज कुठं घालणार होतास?"

शनिवारचा उरलेला डेटा रविवारी मिळत नाही हे मला अक्कांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. बावीस वर्षं मी पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतोय. कुठला माल कधी बाद होतो हे सांगणं माझं काम.

दहा पस्तीस. मला वाटलं, डेटाच संपला असेल. तपासलं, एक पूर्णांक चार शिल्लक. तरी मी एकोणतीस रुपयांचा जास्तीचा डेटा मारला. का मारला, सांगता येणार नाही. हाताला काहीतरी करायचं होतं.

दहा चाळीस. पत्नीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. जोडला गेला. नो इंटरनेट. आता दोन वेगळे मोबाइल आणि दोन्हीकडे एकच रोग, म्हणजे रोग लॅपटॉपात, हे लहान पोरालाही कळलं असतं. मी काढलेला निष्कर्ष वेगळा होता. दोन्ही सिम एकाच कंपनीची, म्हणून टॉवरच बिघडला असणार. मी लॅपटॉप उचलला आणि गच्चीवर पळालो. उन्हात पडद्यावर माझंच तोंड दिसत होतं. तापलेल्या फरशीवर तळवा टेकवत नव्हता. तसाच खाली आलो.

लॅपटॉप टेबलावर ठेवताना तो माझ्या हातात तिरपा झाला. पत्नी म्हणाली, "अहो, त्याच्या खाली चिठ्ठी आहे. तुमच्याच अक्षरात काहीतरी नंबर लिहिलाय."

मी म्हटलं, "ती ऑफिसची आहे. तिचा काय संबंध. आत्ता मध्ये बोलू नकोस."

तिनं हॉल तिकिटाची घडी घातली.

अकरा वाजले. अक्कांच्या घरातल्या घड्याळाचे टोले भिंतीतून ऐकू आले. पत्नीनं हॉल तिकिटाची घडी उलगडली, परत घातली. मी मुलीला फोन लावला. ती नाशिकला नोकरीला, रविवारी तिची ड्युटी आणि ड्युटीत फोन लॉकरमध्ये. केबलवाल्याला लावला, तो उचलेना. कॉम्प्युटरची दुकानं रविवारची बंद. आणि दुकान उघडं असतं तरी पेपर नोंदवलेल्या लॅपटॉपवरच द्यायचा होता, खोलीत एकटीनं.

मी पासवर्ड बदलला. हॉटस्पॉटचं नाव बदललं. सेटिंगमध्ये जे दिसेल ते बंद केलं आणि परत चालू केलं. घाम कीबोर्डवर पडत होता. कूलर चालू होता, तरीही. मला आठवत होतं की ती पहाटे चारला उठून नळाचं पाणी येईपर्यंत वाचायची. आठ वर्षं. त्या आठ वर्षांत ती दर उन्हाळ्यात म्हणायची, आपलं स्वतःचं नेट घेऊ या. आणि मी म्हणायचो, निम्म्या पैशात भागतंय की.

अकरा अकरा. अक्का म्हणाल्या, "भाऊ, कोणी जाणतं माणूस नाही का? तू एकटाच किती वेळ त्याचे कान पिळणार?"

तेव्हा मला नाना आठवले. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर ते सांभाळायचे. पाच वर्षांपूर्वी निवृत्त होऊन धुळ्याला गेले. पत्नीच्या मोबाइलवरून फोन लावला. माझा नंबर नसल्यानं पहिल्यांदा त्यांनी उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"कोन शे?" नाना अहिराणीतच बोलायचे.

मी नाव सांगितलं आणि एका दमात सगळं ओकलो.

"दम खा भाऊ. लॅपटॉप कोणता शे?"

"आपल्याच कारखान्यातला. जुने विकायला काढले तेव्हा साडेसहा हजाराला घेतलेला."

फोनमधून हसल्यासारखा आवाज आला. "उलटा कर त्याले. पोटवर चिठ्ठी शे का?"

मी लॅपटॉप उलटा केला. पत्नीकडे बघितलं नाही.

पिवळी पडलेली चिठ्ठी. चार तुकड्यांचा नंबर, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, शेवटी सदतीस, खाली माझी बारीक सही. कारखान्यात कॉम्प्युटरच्या एकेचाळीस मशिनी होत्या. एकदा दोन मशिनींना एकच नंबर लागला आणि अर्धा दिवस माल रवाना होईना. त्यानंतर मीच हट्ट धरला होता की प्रत्येक मशिनीला एक पक्का नंबर द्यायचा, रजिस्टरला लिहायचा, चिठ्ठी डकवायची, आणि तो कोणी बदलायचा नाही. नानांनी तो आत बसवला होता. मशीन विकली तरी तो आतच होता. साडेसहा हजार देताना मी चार्जर मोजला, बॅग मोजली, नंबराचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"पण नाना, अक्कांच्या वाय-फायवर तर इतके दिवस चालला."

"तिना डबा आणि आपला कारखाना, दोन्हीस्नी चाल एक शे, नंबरना पहिला तीन तुकडा सारखा. मोबाइलनी चाल न्यारी शे. तो नवा नंबर देवाले बसेल शे आणि तुना लॅपटॉप जुनाच धरी बठेल शे. हट्टी शे, तुनामायक." म्हणजे माझ्यासारखा.

पत्नीनं माझ्या हातातून माउस घेतला. "नाना, मला सांगा. हे घाईत भलतंच दाबतील."

"सांगस वहिनी. दखा..."

नाना सांगत गेले, ती एकेक खिडकी उघडत गेली. नेटवर्क, मग वाय-फाय, मग त्याच्या आतली यादी, यादीतली एक ओळ, तिच्यावर दोनदा टिचकी. तिथं तो नंबर बसला होता, शेवटी सदतीस. "वरल्या गोलवर टिंब द्या. म्हणजे नंबर आपोआप घी." तिनं दिलं. अकरा बावीस.

नो इंटरनेट.

अक्का उठून उभ्या राहिल्या. मी खाली फरशीवर बसलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी मनात तिला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागलो होतो, आणि एकही जुळत नव्हतं.

पत्नी फोनमध्ये म्हणाली, "नाना, खाली अजून दोन गोल आहेत. तिथंही जुनाच नंबर दिसतोय."

"त्याच्यावर बी तसंच द्या. मी इसरनू."

तिनं दिलं. मग ओके. मग पुन्हा ओके. वाय-फाय तोडलं, जोडलं. बारीक अक्षरं एकदम गेली. अकरा पंचवीस.

आत शिरायला ओळखपत्राचा फोटो, चेहऱ्याचा फोटो, मग खोली चारी बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवायची. मी आणि अक्का बाहेर पळालो. माझा मोबाइल आतच, टेबलाखाली फरशीवर. दार ओढून घेताना तिच्या पाठीमागून पडदा दिसला. पहिला प्रश्न आला होता. अकरा एकोणतीस.

पुढचा दीड तास मी ओट्यावर होतो. साठ प्रश्न, एकशे वीस मिनिटं, त्यातली एकोणतीस माझ्यापायी गेलेली. एका प्रश्नाला दोन मिनिटं म्हटलं तर चौदा-पंधरा प्रश्न मी खाल्ले होते. मोबाइल उन्हाळ्यात तापून आपोआप बंद पडतो, हेही आठवलं. खिडकीतून डोकवायची सोय नव्हती. कॅमेऱ्यात दुसरं तोंड दिसलं तर पेपर रद्द. मी दाराला कान लावला तर अक्का म्हणाल्या, "आता तरी तिला एकटीला सोड."

एक वाजून दोन मिनिटांनी ती बाहेर आली. मी विचारलं, "किती राहिले?"

"अकरा." पाणी प्यायली. मग म्हणाली, "चिठ्ठीचं मी सांगितलं होतं."

"हो."

"वीस मिनिटं आधी."

मी वेळ आठवून बघितली. दहा पन्नासच्या सुमाराला सांगितलं होतं, अकरा चौदाला मी लॅपटॉप उलटा केला. चोवीस मिनिटं. मी तसं सांगितलं. ती आत गेली.

निकालाला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत घरात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. पासाला चाळीस लागत होते. तिला शंभरात त्रेचाळीस पडले. अक्का पेढा खाताना म्हणाल्या, "तीन मार्कांवर आयुष्य चाललं बघ." मी पत्नीला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. नेट घ्या. आणि माझ्या नावावर घ्या."

जोडणीचे पाचशे आणि तीन महिन्यांचे पंधराशे, असे दोन हजार केबलवाल्याला दिले. पावती तिच्या नावावर. अक्कांना मे महिन्याचा वाटा मेअखेरीलाच दिला होता. त्या दोन दिवसांचे कापून घे म्हणत होत्या, पत्नीनं पूर्ण अडीचशे त्यांच्या हातात ठेवले. पर्यवेक्षिकेचा अर्ज ऑगस्टमध्ये गेला. तो तिनं स्वतःच भरला, मी शेजारी बसून ती मागेल तो कागद पुढे करत होतो.

नानांना विचारलं होतं, काय द्यायचं. म्हणाले, "पैसा नको. हिवाळामा भरीतना वांगा लई ये." डिसेंबरात आम्ही दोघं वांगी घेऊन एस.टी.नं धुळ्याला गेलो, माझं पूर्ण तिकीट, तिचं अर्धं. नानांनी पिशवी हातात घेऊन अंदाज घेतला.

"कितला शेत?"

"तीन किलो," मी म्हटलं.

पत्नी म्हणाली, "पावणेतीन. मी घरी तोलून बघितलीत."

तीन किलोचे एकशे ऐंशी रुपये मी बाजारात वांगीवाल्या बाईला दिले होते. वांगी नानांना दिली.