दोन श्रावण आणि गोळीचा रकाना

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील रियासतीच्या फौजेत होते; फौज विलीन झाली आणि ते घरी बसले. दादा मॅट्रिक होऊन सचिवालयात कारकून झाला. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा आई पाटणकर बाजारातल्या भाजीवालीलासुद्धा सांगायची, "हमारी लड़की कॉलेज जाती है." वर्षभर घरात माझाच विषय होता. मग वहिनी आजारी पडली.

वहिनी साताऱ्याकडची, माझ्याहून दीडच वर्षाने मोठी. लग्न होऊन आली तेव्हा हिंदी मुलखातल्या आमच्या लश्कर शहराच्या मराठीला हसायची. आई म्हणायची, "अगं बघ, भाजी जळून राहिली आहे."

"जळून राहिली, मग आता खायची काय, आत्याबाई?" वहिनी पदर तोंडाला लावून म्हणायची, आणि आईही हसायची. मी असं काही बोलले असते तर मला ताटावरून उठवलं असतं.

त्या उन्हाळ्यात सगळे अंगणात घामाने निथळत असताना ती शाल घेऊन बसू लागली. फणीत केसांचे पुंजके यायचे. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जड. मंगळसूत्र जिथे टेकतं तिथे गळा जरा पुढे आला होता. आईला आधी वेगळीच आशा वाटली. ती खोटी ठरल्यावर नई सडकेच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे आम्ही तिघी गेलो.

डॉक्टर उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी गळा एकदाच दाबून पाहिला आणि हात धुऊन खुर्ची पुढे ओढली. पुढचा तासभर ते फक्त विचारत होते. थकवा पायातून सुरू होतो की डोक्यातून? झोप लागते पण पुरत नाही, असं होतं का? माहेरी विहिरीचं पाणी होतं की नदीचं? इथे आल्यापासून रडू किती वेळा आलं? आईने चुळबुळ करत म्हटलं, "डॉक्टरसाब, बीमारी तो गले की है ना?"

"गला तो दरवाज़ा है. खटखटा कोई और रहा है," ते म्हणाले.

वहिनी आधी लाजली, मग बोलू लागली. इतकं बोलली की मी बघतच राहिले. परीक्षेच्या आधी माझं डोकं ठणकायचं, तेव्हा आई म्हणायची, पाणी पी. मला कधी कुणी विचारलं नव्हतं की ते कुठून ठणकतं.

शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता मलाही काही विचारतील.

"तुम पढ़ती हो? तो इसकी कॉपी तुम लिखोगी."

कॉपी म्हणजे वही. त्यांनीच कागदावर रकाने आखून दाखवले: खाणं, झोप, थंडी, पोट, मन, आणि शेवटी गोळी. गोळी बकऱ्याच्या गळ्यातल्या ग्रंथीपासून करतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आमच्या घरी रविवारी मटण शिजतंच, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मुळा आणि पत्ताकोबी बंद, रोज एक अंडं, दुपारी झोप. माझ्या वाटणीचं दूधही बहुतेक तिच्याच पेल्यात जाऊ लागलं. बहुतेक म्हणते, कारण मी ते पाहायचं टाळत होते.

ज्या वहीवर मी इतिहासाच्या नोट्स काढणार होते, तिच्यावर मी रोज लिहायचे: "आज पोट साफ. मन ठीक." दादा नव्या राजधानीच्या तयारीसाठी पुढे भोपाळला गेला होता. पूर्वी मला लिहिलेल्या त्याच्या पत्रात अभ्यासाची चौकशी असायची. आता एकच ओळ असायची: वही नीट ठेव, डॉक्टर हो म्हणाले की हिला इकडे आणीन.

महिन्याभरात वहिनी सुधारली. शाल खुंटीवर गेली. डॉक्टरांनी वही चाळली आणि "शाबाश" म्हणाले. तिच्याकडे बघून म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारी मी गोळीची बाटली पुढे केली, तर तिने हात मागे घेतला. "आज नको, वन्सं. श्रावण लागला."

"कुठे लागला? अजून पंधरा दिवस आहेत."

"शेजारच्या काकी म्हणाल्या, लागला. त्यांनी सोमवार धरलाय."

इथे हिंदी लोकांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. आम्हाला ते लहानपणापासून ठाऊक. वहिनीने हे कधी पाहिलंच नव्हतं. मी तिला समजावलं, तेव्हा ती आणखीच घाबरली. "मग दोन्ही पाळते. कुठला खरा, देवाला माहीत. श्रावणात मटण चालत नाही, मग ही कशी चालेल? सांगा तुम्हीच."

मी बाटलीला बूच लावलं.

"लिहू नका हं वहीत. डॉक्टर रागावतील."

तेव्हा मी गोळीच्या रकान्यात बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशीही केली. दीड महिना करत राहिले. तिचं गुपित ठेवते आहे, असं मी मनाशी म्हणायचे. खरं हे आहे की शाल पुन्हा खुंटीवरून उतरली तेव्हा मला वाईट वाटलं, पण जितकं वाटायला हवं होतं तितकं नाही. बघू दे डॉक्टरांना, इतकं विचारून काय झालं ते. असलं काहीतरी मनात आलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचा श्रावण निम्मा झाला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. गळा तसाच, चेहरा पुन्हा सुजलेला, आणि वहीत रोज खूण. ते बराच वेळ वही उलटत राहिले. "दवा पहुँच रही है, फिर भी..." ते पुटपुटले आणि एकाच्या दोन गोळ्या केल्या. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

श्रावण संपला आणि ती रोज दोन गोळ्या घेऊ लागली. गणपती उठले त्या सुमारास एका दुपारी कणीक मळताना तिचे हात थरथरू लागले. घाम फुटला. "वन्सं, छातीत बघा कसं होतंय." मी हात ठेवला. आत कुणी पळत सुटल्यासारखं होतं. वडील टांगा आणायला धावले.

डॉक्टरांनी नाडी धरली आणि डोळे माझ्यावर ठेवून विचारलं, "इन दिनों में क्या बदला?"

वहिनी बोलायला तोंड उघडत होती. तिच्याआधी मीच म्हटलं, "ये निशान झूठे हैं. सावन भर गोळी घेतलीच नाही. मैंने लिखा." घाबरले की माझं हिंदी-मराठी असंच एकत्र येतं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. गोळी काही दिवस पूर्ण बंद, मग पुन्हा एकच, असं म्हणून त्यांनी वही मिटली. "मैं इसी को देखकर दवा दे रहा था," एवढंच म्हणाले. तिला दोन तास तिथेच निजवून ठेवलं, आणि ते दोन तास मी बाकावर बसून तिच्या छातीची चादर वरखाली होताना बघत होते.

आईला सगळं कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, औषधानं उपवास मोडत नाही! मी शाळेचं तोंड नाही पाहिलं, मला ठाऊक आहे. विचारायचं तरी. आणि तू, कॉलेजवाली?"

वहिनी मध्ये पडली. "त्यांना काही बोलू नका, आत्याबाई. खुणा त्यांनी केल्या, पण सांगितलं मीच होतं."

त्याचाही मला हेवा वाटला, इतकं सहज तिने ते स्वतःवर घेतलं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ती पेन्सिल घेऊन स्वतः लिहू लागली. अक्षर मोठं, ओळी वर चढणाऱ्या. आधी मागची पानं उघडून माझी एकेक खोटी खूण खोडली आणि तिथे "नाही" लिहिलं. मी शेजारी बसून महाराज बाड्याच्या बाजारातून आणलेलं जुनं पुस्तक वाचल्यासारखं करत होते.

हिवाळा लागता लागता डॉक्टरांनी हो म्हटलं. दादा येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती नवी वही घेऊन गेली, जुनी माझ्या टेबलावर ठेवून. चार-पाच दिवस मी तिला हात लावला नाही. मग शेवटची पानं वाचली. झोप ठीक, थंडी नाही, गोळी एक. आणि मनाच्या रकान्यात, तिच्या त्या वर चढणाऱ्या अक्षरात, एका मंगळवारी लिहिलेलं होतं: "आज वन्संचं डोकं दुखतंय. डाव्या बाजूनं सुरू होतं. कुणाला सांगत नाहीत."

खरंच डाव्या बाजूने सुरू होतं. मी तिला कधी सांगितलं नव्हतं.