काय दाबलं तू?

माझ्या मोठ्या बहिणीचे डोळे सहाव्या वर्षी गोवराच्या तापात गेले. फुलचूरला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्यामुळे 'दिव्यांग', 'दृष्टिबाधित' हे शब्द मी दिवसभर लोकांच्या फॉर्मांत भरत असतो. ताई स्वतःला सरळ आंधळी म्हणते. दुसऱ्यानं गोड शब्द वापरला की चिडते. "नाव बदलून दिसायला लागलं असतं तं मी पन्नास नावं घेतली असती," असं तिनं एकदा एका साहेबाला तोंडावर ऐकवलं होतं.

तिला वाचायचं भारी वेड. अंधशाळेत ब्रेल शिकली, पण शाळा सुटली तशी ब्रेलची पुस्तकंही सुटली. गावी, दरेकसाच्या घरी, ती कुठून येणार? मग मी मोठ्या हौसेनं एक वाचनयंत्र आणलं, कागदासारखा पडदा असलेलं. हजार पुस्तकं मावतात म्हणे त्यात. मावत असतील, पण त्याला आवाजच नव्हता! खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं आणि मीही गाढवासारखं विचारलं नाही. ताईनं ते हातात फिरवलं, काठ चाचपले आणि "पाटी चांगली आहे," म्हणून परत दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर टॅबलेट घेतला. त्यात आवाजाची सोय होती. बोट जिथं ठेवावं तिथलं एक बाई बोलून दाखवते आणि दोनदा टकटक केलं की ते उघडते. मराठी पुस्तक ती हिंदी वळणानं वाचायची, प्रत्येक 'ळ'चा 'ल' करायची. ताई हसून हसून लोळली. "ही तं आपल्या गोंदियाच्या बाजारातलीच दिसते बा!"

खरं काम पुस्तकांचं होतं. ताईला लिपिकाची परीक्षा द्यायची होती. वयाची अट संपत आली होती, म्हणजे ही शेवटचीच. पास झाली तर स्वतःची नोकरी. नाही तर मायच्या मागं माझ्या घरी, माझ्या बायकोच्या हाताखाली. हे ती तोंडानं बोलायची नाही, पण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. परीक्षेची गाइडं बाजारात ढिगानं मिळतात, पण सगळी छापलेली. पानांचे नुसते फोटो काढून टाकले तर मशीन 'चित्र' एवढं म्हणून गप्प बसते. म्हणून मी गाइडाची शिवण उसवून पान न् पान स्कॅन करायचो, कॉम्प्युटरकडून त्याची अक्षरं करून घ्यायचो आणि मग चुका काढत बसायचो. 'घटना'चं 'घरना' व्हायचं, तक्त्यांचा तर पार चिवडा. चार महिने हे केलं. आपण तिच्यावर उपकार करून राहिलो असं मला वाटायचं, खोटं कशाला बोलू?

परीक्षा मंगळवारी होती. त्याच्या नऊ दिवस आधी, रविवारी, शेवटचे भाग घेऊन मी गावी गेलो. चालू घडामोडींचे होते, ती त्यांचीच वाट पाहून होती. परतीच्या गाडीला जेमतेम अर्धा तास. आणि ती मशीनमधली बाई! डोळस माणसाला तिच्यासोबत काम करणं म्हणजे डोक्याला ताप. बोट लावलं की नुसती बोलते, उघडत नाही. पडदा सरकवायला दोन बोटं लागतात. प्रत्येक बटणाचं नाव सांगत बसते. मी वैतागलो. तिला बंद केलं आणि भराभर फाइली टाकल्या.

"झालं ताई, सगळं टाकलं."

"चहा तं घेऊन जा."

मी स्टेशनकडे पळत सुटलो. आवाज पुन्हा सुरू करायचा राहून गेला.

सोमवारी मायच्या साध्या फोनवरून ताईचा फोन आला. "बाबू, हे बोलून नाही राहिलं रे." दुकानात भरतीच्या फॉर्मांची झुंबड, साइट अडकलेली, लोक डोक्यावर उभे. मी खेकसलो, "काय दाबलं तू?"

ती हळूच म्हणाली, "काही नाही. रोजच्यासारखंच."

"काहीतरी दाबल्याशिवाय बंद पडते का? रविवारी येतो. तोवर हात नको लावू त्याले."

मग मायनं फोन घेतला. "उजेड तं हाये बाबू त्याच्यात. अक्षरं दिसून राहिली. मले वाचता येत असतं तं..." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी फोन ठेवला.

आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली की ती बाई परत बोलायला लागते. एवढंच होतं. पण ते मी ताईला कधी शिकवलं नव्हतं. मी आहे ना, मग तिला कायले पाहिजे, अशी माझी अक्कल. फोनवर तरी सांगता आलं असतं. पण चूक तिचीच, हे मी ऐकता ऐकताच ठरवून टाकलं होतं.

रविवारी गेलो. मशीन तिनं दुपट्ट्यात गुंडाळून ठेवलं होतं. मी उघडलं आणि पाहताक्षणी समजलो. दोन्ही बटणं दाबली, बाई बोलली. ताई झटक्यात उठून उभी राहिली.

"माझ्याच हातानं गेलं होतं ना बाबू? मी लई आठवून पाहिलं. ठेवता ठेवता बोट सरकलं असन."

"हो," मी म्हणालो. "होते असं."

परीक्षा तोंडावर आहे, आता खरं सांगितलं तर तिचं मन बिघडेल, असं मी स्वतःला समजावलं. थापा! मला माझी लाज वाचवायची होती, दुसरं काही नाही.

तो उरलेला दिवस आणि सोमवारी नागपूरच्या गाडीत, मशीन कानाला लावून तिनं जेवढं जमलं तेवढं ऐकलं. मंगळवारी पेपर झाला. ती तोंडानं सांगायची आणि सोबत दिलेली मुलगी लिहायची. बाहेर आल्यावर म्हणाली, "शेवटच्या भागातलंच लई विचारलं रे. निम्मं ऐकायचंच राहून गेलं होतं."

यादी लागली ती मी दुकानातच पाहिली, दोनदा पाहिली. तीन मार्कांनी गेली. फोन केला तर ती रडली नाही. "तू चार महिने मरमर केली आणि मी ऐन वेळी मशीन बिघडवून बसले," म्हणाली. तेव्हा तर परीक्षेचं निमित्तही उरलं नव्हतं. तरी खरं मी सांगितलंच नाही.

आता ती एकटी असताना मशीनला हात लावत नाही. मायनंच सांगितलं मला. मी गावी गेलो की ते काढते, मांडीवर ठेवते, बोट पडद्याच्या जरा वर धरते आणि माझ्याकडे तोंड करून विचारते, "बाबू, दाबू का?"

"दाब," मी म्हणतो.