जेवलात का?

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या काकू मोबाईलकडे बघून खुदकन हसल्या. मी डोकावले. पडद्यावर कोरियातलं इस्पितळ होतं आणि एक तरुण डॉक्टर म्हाताऱ्या पेशंटच्या खाटेशी चक्क उकिडवा बसून बोलत होता.

"बघाच तुम्ही ही मालिका," हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यावं तशा काकू म्हणाल्या. "रडू येतं, पण गोड. खाली अक्षरं येतात ती वाचायची. आणि त्यांच्यातही भेटल्यावर आधी 'जेवलात का' असंच विचारतात हो!"

मला गंमत वाटली. कुठली कुठली, काड्यांनी जेवणारी माणसं, पण काळजीचं पहिलं वाक्य आपलंच! औषधाच्या आधी कुणीतरी विचारपूस करावी, असं आजारी माणसाला सगळीकडेच वाटत असणार. आमचे हाडांचे डॉक्टर हुशार आहेत, पण मान वर न करता लिहितात. सकाळपासून नुसते गुडघेच बघितल्यावर चेहरे बघायला त्यांना तरी कुठून उसंत मिळणार?

काकूंचा नंबर आला. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी कागदालाच विचारलं.

"माझं राहू द्या. दोन वाजून गेले. तुम्ही जेवलात का?"

पेन थांबलं. डॉक्टरांनी मान वर केली. "नाही हो, काकू."

काकूंनी पिशवीतून डबा काढला.

थोड्या वेळाने मी आत गेले. डॉक्टरांच्या मिशीला रव्याच्या लाडवाचा चुरा लागला होता. माझ्याकडे नीट बघत ते म्हणाले, "या, बसा. जेवलात का?"