मिस्त्री, घोंगडी आणि गारव्याची पेटी

कासारवाडीच्या आमच्या मिस्त्रींइतका ‘कधीकधी’ या शब्दाचा हाडवैरी उभ्या महाराष्ट्रात दुसरा झाला नसेल. स्टेशनपलीकडे चिंचेखाली त्यांचं गॅरेज होतं, म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. गाडी आणणारा बिचारा सुरुवात करायचा, “मिस्त्री, कधीकधी बंद पडते हो,” की झालं! हातातला पाना खाली ठेवून, डोळे मिटून मिस्त्री म्हणायचे, “कधीकधी असं काय नसतं. कधी, ते बोला. सकाळी? चढाला? सासुरवाडीला जाताना?” एका व्यापाऱ्याला त्यांनी खरोखरच सासुरवाडीपर्यंत गाडी न्यायला लावली होती. तिथल्या बोळातल्या खड्ड्यात इंजिन बंद पडल्यावर त्यांनी निसटणारी तार पकडली, जावयाच्या पंगतीत जेवले आणि ढेकर देत परतले. गाडी ज्या वाटेनं, ज्या माणसांनिशी, ज्या सामानानिशी रुसते, त्याच थाटात तिला नेल्याशिवाय बॉनेटला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. काढलेले नट ते चहाच्या बशीत निघाल्या क्रमानं मांडत, आणि त्या बशीला धक्का लावणाऱ्याशी दोन दिवस बोलत नसत.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. पिंपरीत कारखाने उभे राहत होते आणि मी त्यातल्याच एकात कारकून होतो. आमच्या साहेबांकडे एक विलायती गाडी होती. तिच्या डिकीत थंड हवेचं यंत्र होतं, त्याला सगळे ‘गारव्याची पेटी’ म्हणत. अख्ख्या पंचक्रोशीत माणसाला घाम येऊ न देणारी ती एकच गाडी. पण साहेबांच्या आईंना घेऊन लोणावळ्याला निघालं की तळेगावच्या आसपास पेटीचा गारवा आटायचा आणि आईसाहेबांचा जीव कासावीस व्हायचा. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात पेटी बघावी तर गारच गार. दोन मोठ्या वर्कशॉपांनी हात टेकले, तेव्हा साहेबांनी ठरवलं की ड्रायव्हरच पेटीशी काहीतरी चाळे करतो. “पुन्हा गारवा गेला, तर किल्ली टेबलावर ठेवायची,” असं त्यांनी बजावलं. ड्रायव्हर मावळातला, पन्नाशी उलटलेला, घरी सहा खाणारी तोंडं. “भाऊसाहेब, म्या हात बी लावला न्हाई वो,” म्हणत तो माझ्यापुढे रडला. मला राहवेना. मी त्याला मिस्त्रींकडे नेलं आणि साहेबांना एका फेरीपुरतं कसंबसं राजी केलं.

मिस्त्रींनी अख्खं नाटकच बसवलं. आईसाहेबांची तब्येत बरी नव्हती, म्हणून त्यांच्या जागी ते स्वतः बसले, तेही स्वच्छ अंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून, डोक्यावरून पंचा घेऊन आणि मांडीवर आईसाहेबांची फळांची करंडी घेऊन. “आईसाहेबांना बसवतोस तसं मला बसव, भावा. काडीचा फरक नको,” त्यांनी ड्रायव्हरला दरडावलं. साहेब पुढे बसले, ओठ आवळून. मी मिस्त्रींशेजारी.

देहूरोडपर्यंत गाडीत महाबळेश्वर होतं. तळेगाव आलं आणि गारवा गेला. “बघितलंत?” साहेब मागे वळून म्हणाले. मिस्त्रींचा चेहरा मात्र पंच्याखाली घाम गळत असतानाही लग्नघरासारखा फुलला होता. “आली! पकडली! थांबव!” त्यांनी उतरून डिकी उघडली. आतल्या नळ्यांवर बोटभर बर्फ साचला होता. “थंडी गेली कुठं, साहेब? ही काय, इथं गोठून बसलीय. हिच्या अंगावरून वाराच जात नाय!”

मग त्यांनी मागच्या सीटच्या पाठीमागची फळी दाखवली. तिथल्या जाळीतून पेटी गाडीतली हवा ओढून घ्यायची आणि गार करून छतापाशी सोडायची. नेमकी त्या जाळीवर नीट घडी घातलेली घोंगडी होती.

“मीच ठिवली,” ड्रायव्हर चाचरत म्हणाला. “आईसाहेबांच्या मानंला हितनं गार वारा लागंल, म्हून. गॅरेजात नेताना काढून घेतो, तेलाचं हात लागत्यात.”

“म्हणजे चूक याचीच!” साहेब म्हणाले.

“चूक?” मिस्त्री पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. “वारा कुठून आत जातो, ते याला सांगितलं कुणी? वर्कशॉपवाल्यांनी? तुम्ही? पेटी विलायतेहून आणता येते, साहेब. तुमच्या आईच्या मानेची काळजी करणारा माणूस कुठून आणाल?”

मिस्त्रींनी घोंगडी जाळीवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवली. आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेतला, तोवर बर्फ वितळला. गाडी पुन्हा निघाली आणि कामशेतपर्यंत आम्ही सगळे कुडकुडू लागलो. तेव्हा साहेबांनी पुढून मागे हात केला. “ती घोंगडी द्या बघू इकडे.” गुडघ्यांवर घोंगडी घेऊन ते ड्रायव्हरला म्हणाले, “सोमवारी आईला न्यायचंय. सातला ये.” मिस्त्रींनी करंडीतलं केळं सोललं आणि बादशहाच्या थाटात खाल्लं. दुसऱ्या दिवशी जाळीशेजारी पांढऱ्या रंगात अक्षरं उमटली: ‘इथे काही ठेवू नये.’

पुढे गुडघे धरले तेव्हा मिस्त्री गॅरेज मोडून लेकीकडे सोलापूरला निघाले. ती नटांची बशी त्यांनी मला दिली. स्टेशनवर माझा हात धरून म्हणाले, “येईन हो, भाऊसाहेब, कधीकधी.”

“कधीकधी असं काय नसतं, मिस्त्री,” मी म्हणालो. “कधी, ते बोला.”

त्यांनी सवयीनं डोळे मिटले. गाडी हलली तरी ते मिटलेलेच होते. आजही कुणी विचारतं, मिस्त्री आठवतात का? जिभेवर आलेलं ‘कधीकधी’ मी गिळतो आणि सांगतो, रोज आठवतात. सकाळी, चहाच्या वेळी, ती बशी हातात घेतली की.