चुंबकाच्या उपचारानंतर वडिलांनी घेतलेली परीक्षा

धाकट्या भावाच्या डोक्याला चुंबक लावायचं ठरलं, तेव्हा रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ शंकर नगरात एका बिल्डरच्या ऑफिसात होता. तिथेच त्याला पांढऱ्या पावडरीची सवय लागली. ती नाकाने ओढली की तो रात्रभर जागायचा, बडबडायचा, मग आडवा पडून आईला शिव्या द्यायचा. मी तेव्हा एका हिंदी दैनिकात होतो. अशा पोरांच्या बातम्या आम्ही आतल्या पानावर चार ओळींत छापत असू.

ऑपरेशन नाही, भूल नाही, शॉकही नाही, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं. कॉइल कवटीवर टेकवायची आणि बाहेरूनच मेंदूला चुंबकाचे ठोके द्यायचे. आधी त्यांनी कॉइल सरकवत भावाचा अंगठा उडतो ती जागा शोधली, मग ती कपाळाच्या डाव्या बाजूला आणली. यंत्र टकटक वाजायचं. त्याआधी पडद्यावर पावडरीचे आणि गुंडाळलेल्या नोटेचे फोटो दाखवत, म्हणजे तलफ जागी व्हावी आणि ठोके त्या वेळी बसावेत. काहींची तलफ कमी होते, काहींची होत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं.

वडील बाजूच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत. ते रेल्वेतून निवृत्त झाले होते. यार्डात मालडब्यांचे ब्रेक तपासण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. दुरुस्त डब्याचा ब्रेक स्वतः लावून पाहिल्याशिवाय त्यांनी तो कधी सोडला नाही.

"फोटोनं काय समजते?" घरी येताना ते म्हणाले. "लोड टाकल्याशिवाय ब्रेक समजत नाही."

उपचार संपले. भाऊ झोपू लागला, जेवू लागला. आईबरोबर गोल बाजारात जाऊन कुकर घेऊन आला. जुनी माणसं आणि जुनी वस्तू निदान काही महिने नजरेसमोर येऊ देऊ नका, एवढंच डॉक्टर बाईंनी बजावलं होतं.

उपचारांआधी भावाच्या कपाटात सापडलेली पावडरीची पुडी वडिलांनी फेकली नव्हती. एका सकाळी त्यांनी ती त्याच्या पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवली.

"बाबा, हटाओ इसको."

"काहून? बरा झाला ना तू? खा पोहे."

"अहो, उचला ना ते," आई म्हणाली.

"तू मधात बोलू नको."

भावाने पोहे संपवले. चमचा ताटलीवर वाजत होता, वरच्या ओठावर घाम होता. वडिलांनी पुडी उचलली आणि म्हणाले, "फिट."

मग हे रोजचंच झालं. रविवारी नागपूरहून मामा आले, तेव्हा वडिलांनी चहाबरोबर पुडीही बाहेर आणली.

"पोट्ट्याले घाम फुटला भाऊजी," मामा हसत म्हणाले. "अजून जवळ सरकवा, पाहू दम किती आहे."

भावाने हात जोडले. "मशीन से कम हुआ है बाबा, गया नहीं है. प्लीज़."

"कमी झालं म्हणजे ब्रेक घसरून राहिला. असा डबा लायनीवर सोडत नाही आम्ही."

वडिलांनी पुडी बोटाने पुढे ढकलली. भाऊ तिच्याकडे बघत राहिला. मग ती उचलून बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावली. आई दार बडवत होती.

"मले माहीतच होतं," वडील मामांना म्हणाले. "फेल."

मामांनी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी भाऊ घरात नव्हता. वडील एकटेच क्लिनिकात गेले आणि मशीन कच्ची आहे म्हणाले. पुडी घरात आणली कोणी, असं डॉक्टर बाईंनी विचारलं. "मी. तपासायले," वडील म्हणाले. मुलगा आला तर पुन्हा सुरुवात करता येईल, पण घरी ही परीक्षा बंद करावी लागेल, असं त्यांनी सांगितलं.

भाऊ सदर बाजारामागे एका मित्राच्या खोलीवर सापडला. मी डॉक्टर बाईंचा निरोप दिला.

"मशीन ठीक थी भैया," तो म्हणाला. त्याचे डोळे तारवटलेले होते, जबडा हलत होता. "पर उसके बाद घर जाना पड़ता है."

तो क्लिनिकातल्या त्या यंत्राखाली परत बसला नाही. आपली तपासणी बरोबर होती, असं वडील आजही म्हणतात.