दिघ्यांची गाडी आणि टिन हार्बर

एका गाडीत तीच चार माणसं रोज जाता-येता कोंबली की किस्से जमवावे लागत नाहीत. सीटखाली सुट्टी नाणी साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की सापडतात. दिघ्यांची गाडी आता माझ्याकडे आहे. त्यामुळे किस्सेही माझ्याकडेच आले.

आमचा रूट ऊद मेथा ते दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क. तिथे आमची फॅक्टरी, टॉवरांना बाहेरून काचा लावायच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमा बनवायची. दिघे एस्टिमेशनला, मी पर्चेसला, फडके नावाचा नवा इंजिनिअर डिझाइनला आणि सावंत फिटर. सावंत कणकवलीकडचे, करामा भागात बेडस्पेसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर राहायचे. हिंदीसुद्धा मालवणीतच बोलायचे.

दिघे लिफ्टचे पैसे घेत नसत. पहिल्या दिवशी मी पर्स उघडली तर म्हणाले, "वैशाली, पर्स आत ठेव. भाडं एकच, टिन हार्बर ऐकायचं."

मी म्हटलं, "हे काय असतं?"

मागून फडके हळूच म्हणाला, "पैसे देऊन सुटत असाल तर बघा."

*

टिन हार्बर हा अमेरिकन रॉक बँड. चार माणसं, त्यातल्या तिघांना दाढ्या. दिघे पुण्यात इंजिनिअरिंगला असल्यापासून त्यांचे भक्त. गाडीत त्यांचे सगळे अल्बम होते आणि ते निघाले त्याच क्रमाने वाजायचे. मधलं गाणं गाळायचं नाही, आवडलं म्हणून पुन्हा लावायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे गाणं संपल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही.

आता चौथ्या अल्बमच्या शेवटी एक गाणं आहे, अकरा मिनिटांचं. सुरुवातीला नुसता समुद्राचा आवाज, मग कुठे गिटार, मग बऱ्याच वेळाने गाणारा. हे गाणं नेमकं फॅक्टरीच्या गेटपाशी सुरू व्हायचं. समोर हजेरीचं पंचिंग मशीन दिसतंय, घड्याळ दिसतंय, आणि आम्ही चौघं काचा लावून समुद्र ऐकतोय.

सावंतांचा जीव वरखाली व्हायचा, कारण लेट मार्क शॉपफ्लोअरवाल्यांना आधी लागतो. "सायबानू, हेच्यापेक्षा आमच्या गावची येष्टी बरी. ती निदान थांबली काय उतरूक देता." त्या गाण्याचं नाव त्यांनी 'लांबडा' ठेवलं होतं. लांबडा लागणार असं दिसलं की ते अलीकडच्या राउंडअबाउटलाच चपला चढवून तयार बसायचे.

एकदा टाइमकीपर बशीर चिडून गाडीपाशी आला. काचेवर टकटक केली. दिघ्यांनी काच खाली घेतली, त्याला हाताने थांब म्हणाले आणि आवाज वाढवला. बशीर दोन मिनिटं उभा राहिला. मग वाकून म्हणाला, "ये कौन बजाता है, सर?" त्यानंतर लांबड्याच्या दिवशी तो आमच्या नावापुढे काही लिहायचा नाही. उलट विचारायचा, "आज समुंदरवाला नहीं है?"

*

दिघ्यांचं एकच दुखणं होतं. हा बँड कधी एक नंबरवर आला नव्हता.

पहिला अल्बम खपाच्या चार्टवर आलाच नाही. दुसरा तळाला कुठेतरी. तिसरा पहिल्या दहांत. चौथा, तो लांबडावाला, थेट दोनवर गेला आणि तिथेच अडकला. वर कोणीतरी शाळकरी पोरगी बसली होती, ती काही उतरेना. पाचव्याच्या वेळी गिटारवाला सोडून गेला, सहाव्यात त्यांनी लहान मुलांचा कोरस घेतला आणि आपटले. हे सगळं दिघे इतक्या कळवळ्याने सांगायचे की फडकेला आधी वाटलं, घरातल्याच कोणाचं सांगताहेत.

चौथा अल्बम दोनवर गेला तेव्हा दिघे पुण्यात शिकत होते. ते चितळ्यांकडचे पेढे घेऊन तोऱ्यात घरी गेले. आईने हात पुढे केला आणि विचारलं, "कशाचे रे?"

"आई, बँड दुसरा आला."

"छान झालं. आणि तू?"

दिघ्यांचा त्या सेमला गणिताचा पेपर, एम-थ्री, उडाला होता. पेढे वडिलांनी शेजारी वाटून टाकले, कारण सांगितलं नाही.

*

आता मी खरं सांगते. मला आधी तो सगळा ठणठणाट वाटायचा. पण रोज सकाळी तेच ऐकता ऐकता एक दिवस भाजी निवडताना मी चौथ्या अल्बममधलं तिसरं गाणं गुणगुणत होते, आणि नवरा दारात उभा राहून बघत होता. त्या माणसांनी गाणी फार मन लावून केली आहेत. एकही सूर उगाच टाकलेला नाही. आपटलेल्या सहाव्या अल्बममध्येही दोन गाणी अशी आहेत की हातातलं काम थांबतं.

सावंत मात्र फक्त ड्रमरला मानायचे. "ह्यो ढोलकीवालो बरो हा. आमच्या गावच्या भजनात घेवक होयो. पण दाढी काढूक सांगा."

दिघ्यांनी हे इतकं मनावर घेतलं की बँडला ईमेल पाठवला. उत्तर काही आलं नाही.

*

मंदी आल्याचं आम्हाला अल्बमवरून कळलं. थट्टा नाही करत. आधी सकाळच्या ट्रॅफिकमध्ये एक अल्बम आरामात संपायचा, वर पुढच्याची दोन गाणी व्हायची. दोन हजार आठ संपता संपता रस्ता रिकामा व्हायला लागला. क्रेन जागच्या जागी थांबल्या, लेबरच्या बस कमी झाल्या, आणि एक दिवस अल्बमची चार गाणी शिल्लक असतानाच आम्ही गेटवर पोचलो.

दुसऱ्या दिवसापासून दिघे उजव्या, म्हणजे इथल्या सगळ्यात हळू लेनमधून, ट्रकांच्या मागून गाडी चालवायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "अल्बम पुरा व्हायला हवा." मागून एक लँड क्रूझर हेडलाइट मारत होती. सावंत म्हणाले, "तेका सांगा, अजून दोन गाणी आसत."

फेब्रुवारीत फडकेची नोकरी गेली, तो भारतात परतला. त्याच्या जागेवर दिघ्यांनी सीडींचं पाकीट ठेवलं आणि त्याला सीटबेल्ट लावला. मग तो पट्टा कोणी सोडलाच नाही.

*

त्या उन्हाळ्यात टिन हार्बरचा सातवा अल्बम आला. सोडून गेलेला गिटारवाला परतला होता. दिघ्यांनी एकदम तीन सीडी आणल्या. एकेक पंचावन्न दिरहॅम, "म्हणजे रुपयांत सातशेच्या वर गेली रे बाबा," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी आम्हाला एकेक वाटली. म्हणाले, खप वाढला की चार्टवर चढतो, आपलाही हातभार.

त्यांची मुलगी रिया मागे बसली होती, तिला शाळेत सोडायचं होतं. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, दॅट्स द यूएस चार्ट. दुबई डझन्ट काउंट."

दिघ्यांनी पुढचे दोन सिग्नल पार केले. मग म्हणाले, "मनातून तर काउंट होतं ना?"

"नो, बाबा."

सावंतांकडे सीडी प्लेअर नव्हता. त्यांनी ती सीडी दोऱ्याला बांधून बाल्कनीत लटकवली, कबुतरं येऊ नयेत म्हणून. दिघ्यांनी ती एकदा खालून पाहिली. मला वाटलं, आता सावंतांची लिफ्ट बंद. पण दिघ्यांनी बराच वेळ वर पाहिलं आणि विचारलं, "कबुतरं येतात का अजून?"

"एक पण नाय, सायबानू."

"बघा," दिघे मला म्हणाले, जणू बँड चार्टवर एक जागा वर चढला होता.

*

जुलैच्या शेवटी दिघ्यांना नोकरीवरून काढल्याचं लेटर मिळालं. टॉवरच बंद पडले, तर एस्टिमेट कशाचं करायचं? त्यांची बायको अनघावहिनी आणि रिया सुट्टीसाठी पुण्याला गेल्या होत्या, त्यांना तिथेच थांबायला सांगितलं. व्हिसा कॅन्सल झाला की महिनाभराची मुदत. तेवढ्यात नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर खलास.

तरी ते रोज सकाळी आम्हाला घ्यायला यायचे. आम्हाला गेटवर सोडायचे आणि तसेच जुमेरा लेक टॉवर्सला जायचे, एकेका मजल्यावर सीव्ही द्यायला. मी म्हटलं, "दिघे, आम्ही बसने जाऊ हो." तर म्हणाले, "घरी बसलो तर वेडा होईन. आणि अल्बम अर्धा राहिलाय." मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी मनाशी एक खूणगाठ बांधली होती. सातवा अल्बम हळूहळू चार्टवर चढत होता. तो एक नंबरवर आला की आपलीही नोकरी झाली समजा. इंजिनिअर माणूस, पण नोकरी गेलेल्याला कोण समजावणार? आम्हीही मग रोज विचारायला लागलो, आज कितवा?

अल्बम तीनवर होता तेव्हा आमच्या घरी गणपती बसले. आरती झाल्यावर सावंत पुढे झाले. म्हणाले, "वैनीनू, मी गाऱ्हाणा घालतंय. ह्या काम असा होवचा नाय." रुमाल खांद्यावर टाकला, हात जोडले आणि घरभर आवाज घुमला.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"त्या अमेरिकेतल्या टिन हार्बरवाल्या पोरांची नवी शीडी इली हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आजपर्यंत तेंका दोन नंबराच्या वर कोणी जावक देवक नाय. तेंच्या वाटेत जो कोण आडवो येत आसात, तेका बाजूक कर, आणि तेंका पयल्या नंबरार नेवन बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो गिटारवालो परत इलो हा, तेका परत जायची बुद्धी देव नको."

"व्हय म्हाराजा."

दिघे डोळे मिटून सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. प्रसाद वाटून झाला, मोदक संपले, लोक आपापल्या घरी गेले.

पुढच्या आठवड्यात सकाळी गाडीत दिघ्यांचा फोन वाजला. पुण्याहून रिया. स्पीकरवर तिचा आवाज आला, "बाबा, दे आर नंबर वन!"

दिघ्यांनी गाडी पेट्रोल पंपावर घेतली, बंद केली, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मग उतरून तिघांसाठी इथला कडक, दुधाळ करक चहा आणला. मी इतका खूश झालेला माणूस दुबईत दुसरा पाहिला नाही.

सावंतांनी चहाला हात लावला नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. दिघे टिश्यू आणायला गेले तेव्हा मला म्हणाले, "वैनीनू, घोळ झालो. देवान सगळा दिल्यान. पण सायबाच्या नोकरीचा मी सांगूकच विसरलंय."

मला आठवलं. खरंच, कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे नुसते टिन हार्बरसाठी व्हय म्हाराजा करत बसलो होतो.

*

नोकरी मिळाली नाही. गाडी माझ्या नवऱ्याने घेतली. सीडींचं पाकीट दिघ्यांनी गाडीतच ठेवलं, म्हणाले, ते गाडीचं आहे.

त्यांना एअरपोर्टला सोडायला मी आणि सावंत गेलो. मला नुकतंच लायसन मिळालं होतं, तेही कितव्यांदा टेस्ट देऊन ते सांगत नाही. सावंत माझ्या शेजारी. दिघे पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसले, पाकिटाच्या बाजूला. सातवा अल्बम लावला होता. रस्ता रिकामाच होता, तरी मी उजव्या लेनने चालवलं.

डिपार्चरच्या दारापाशी पोचलो तेव्हा शेवटचं गाणं सुरू होतं. कोणी उतरलं नाही. तिथे गाडी उभी करू देत नाहीत. पोलीस लांबूनच निघा म्हणून हात हलवायला लागला, "यल्ला, यल्ला!"

गाणं संपलं. दिघ्यांनी बॅग मांडीवर घेतली आणि दाराच्या हँडलला हात घातला.

सावंतांनी मागे वळून पट्ट्याखालून पाकीट ओढून घेतलं. एकेक सीडी उलटसुलट बघत होते. पोलीस आता काचेशी येऊन टकटक करत होता. सावंतांनी चौथा अल्बम काढला, आतली सीडी बदलली आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बटण दाबत गेले. गाडीत समुद्राचा आवाज भरला.

दिघ्यांनी दार अर्धवट उघडलं होतं.

सावंत समोर बघत म्हणाले, "सायबानू, दार लावा. गाणा संपल्याबिगर उतरूचा नाय."