चार बोटं जास्त

नवी पेठेतले कापड दुकानदार चनबसप्पा मीटर संपला की लगेच कात्री लावत नाहीत. लोखंडी पट्टीच्या पुढे चार बोटं ठेवतात, गिऱ्हाइकाकडे पाहतात आणि मगच कापतात. "आपल्याकडून माणूस कमी घेऊन जायला नको." ही चार बोटं भावात आधीच धरलेली असतात, हे त्यांचे हिशेब पाहणारा म्हणून मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक मात्र खूश होतं.

त्यांचा मुलगा विरेश चौतीस वर्षांचा झाला तरी लग्न जमेना. हल्लीच्या मुलींना नोकरीवाला हवा. त्यातून एखादं स्थळ आलंच तर ते उंची ऐकून परत जाई. तेव्हा चनबसप्पांनी परिचयपत्रात पाच फूट तीन इंचांचे पाच फूट सहा केले.

"चार बोटंच की," मला म्हणाले.

अक्कलकोटच्या ईरप्पांची मुलगी वैजयंती सांगून आली, तेव्हा बघण्याचा कार्यक्रम चनबसप्पांनी दुकानातच ठेवला. दुकानात गादी असते, आणि गादीवर बसलेल्या माणसाची उंची कुणाला कळत नाही. विरेशला ताकीद होती, काही झालं तरी उठायचं नाही.

चहा झाला, सगळं जमत आलं. एवढ्यात ईरप्पांनी वरच्या फळीवरचा जांभळा ताका दाखवायला सांगितला. विरेश धंद्याच्या सवयीने पटकन उठला. चवड्यांवर उभा राहिला, हात ताणला, तरी ताका बोटभर लांबच. शेजारी उभ्या राहिलेल्या वैजयंतीने तो सहज काढून त्याच्या हातात दिला.

ईरप्पांनी खिशातून परिचयपत्र काढलं.

"पावणं," ईरप्पा म्हणाले, "कागदावर पाच-सहा लिवलंय की."

"थोडं हिकडं तिकडं होतंय."

"मग मोजू की. पट्टी हितंच हाय."

मापासाठी नावाजलेल्या माणसाला नाही म्हणता येईना. विरेशला भिंतीला उभं केलं, डोक्याशी पेन्सिलीची रेघ मारली. एक मीटर आणि वर साठ सेंटिमीटर. हे ऐकून दोन्हीकडचे माझ्याकडे पाहू लागले. आपल्याकडे कापड मीटरात घेतात, पण नवरदेव फुटातच लागतो. मी मनात हिशेब केला आणि घसा खाकरून पाच फूट तीन म्हटलं.

चनबसप्पा चिडले. "आता मुलगीबी मोजा!"

तिच्या कागदावर पाच-तीन होतं. भिंतीवर मात्र पाच-पाच भरले. ईरप्पा छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

"उंच पोरीला स्थळं येत न्हाईत हो. म्हणून जरा कमी केलं."

"म्हंजे आमी वाढवलं, तुमी कापलं!"

विरेश खाली मान घालून ताक्याची घडी नीट करत होता. हेही स्थळ गेलं, असं त्याने धरलंच होतं. वैजयंतीने पट्टी उचलून जागेवर ठेवली.

"वरच्या फळीला एक माणूस लागणारच हाय की दुकानात," ती म्हणाली. "मला चालतंय. तुमचं काय?"

"मला... लई चालतंय," विरेश म्हणाला.

अक्षतांच्या वेळी विरेश उभा राहण्याआधी चनबसप्पांनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याच्या पाटाखाली दुसरा पाट सरकवला. वैजयंतीने खाली पाहिलं.

"मामंजी, आता कुणाला फसवायचं ऱ्हायलंय?"

विरेश मुकाट्याने खाली उतरला. चनबसप्पांनी जादा पाट काढून काखेत मारला आणि माझ्याकडे पाहून कुजबुजले, "पहिल्यांदाच गिऱ्हाइकानं चार बोटं परत दिली."